फ्रीकॅडमध्ये बॉडी, पार्ट आणि लिंक: मोठं मॉडेल कसं लावून ठेवायचं?

रंधा

नमस्कार. गेले काही महिने फ्रीकॅड (संगणकावर वस्तूंची त्रिमितीय मॉडेलं करायचा मोफत प्रोग्राम) शिकतोय. सुटा तुकडा आता बऱ्यापैकी जमतो. स्केच काढतो, पॅड करतो (म्हणजे त्या सपाट आकृतीला जाडी देतो), छिद्रं पाडतो, कडा गोल करतो. गाडी अडते ती असे बरेच तुकडे एका मॉडेलमध्ये आणताना.

सध्या चाकांवरचं एक कपाट करतोय. बाहेरून ५३६ मिमी रुंद, फळ्या १८ मिमीच्या, म्हणजे आतून ५००. तीन सारखे खण. खाली चार चाकं, आणि प्रत्येक चाकाची पट्टी चार एम८ (८ मिमीच्या) बोल्टनी तळफळीला बसते. वस्तू साधीच आहे, पण डावीकडच्या ट्रीमध्ये (मॉडेलमधल्या वस्तूंच्या यादीत) आता 'बॉडी०३७' पर्यंत आकडा गेलाय आणि कुठली बॉडी कशाची हे डोळा मिटून-उघडून म्हणजे स्पेसबारने लपवून-दाखवून शोधावं लागतं.

काल रुंदी ५३६ ची ५७६ केली. वरची आणि तळाची फळी रुंद झाली, मागची जुन्याच मापाची राहिली. एक खण बरोबर वाढला, दोन तसेच. तळफळीतली आठ छिद्रं सरकली, आठ जागच्या जागी. रिपोर्ट व्ह्यूमध्ये (प्रोग्रामचे इशारे दिसतात त्या चौकटीत) 'लिंक्स गो आउट ऑफ द अलाउड स्कोप' असे बरेच इशारे आले. मागच्या फळीला हात लावला तेव्हा 'द ग्राफ मस्ट बी अ डॅग' असंही आलं.

बॉडी कधी, पार्ट कधी, ग्रुप कधी? एका तुकड्याचं माप दुसऱ्याला कसं कळवायचं? आणि सारखे तुकडे मी कॉपी-पेस्ट करतोय, ते चुकतंय का? पुन्हा पहिल्यापासून करायची तयारी आहे, पण या वेळी नीट करायचंय.

ओळंबा (प्रतिसाद १)

रंधा, पहिल्यापासून करायची तयारी आहे म्हणालात ते बरं झालं. ३७ बॉडींचा गुंता सोडवण्यापेक्षा नव्याने करणं खरंच लवकर होईल.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. बॉडी म्हणजे एकाच तुकड्याचा इतिहास. आत स्केच, पॅड, पॉकेट (कोरलेला भाग), फिलेट (गोल केलेली कड) एकापाठोपाठ एक रचले जातात, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते आणि शेवटी एक सलग घन हातात येतो. तुमच्या हातात धरता येईल असा एक तुकडा, करवतीतून किंवा यंत्रातून निघालेला, म्हणजे एक बॉडी. फळी एक बॉडी. खणाचा दर्शनी भाग एक बॉडी. अख्खा खण मात्र एक बॉडी नव्हे, कारण तो पाच तुकड्यांचा आहे.

पार्ट हे नाव फसवं आहे. 'सुटा भाग' असा अर्थ मनात येतो आणि माणूस प्रत्येक फळीला पार्ट करतो. फ्रीकॅडमधला पार्ट हा डबा आहे. त्याला स्वतःचा आकार नसतो. त्याच्याकडे असतो ओरिजिन आणि प्लेसमेंट, म्हणजे स्वतःचे अक्ष आणि स्वतःची जागा. पार्ट हलवला की आतल्या सगळ्या बॉडी बरोबर हलतात. म्हणून पार्ट तिथे घ्यायचा, जिथे अनेक तुकडे मिळून एक गोष्ट म्हणून हलतात. तुमच्याकडे खण हा पार्ट. सांगाडा हा पार्ट. पार्टमध्ये पार्टही बसतो, त्यामुळे अख्खं कपाट हा सगळ्यात वरचा पार्ट.

ग्रुप म्हणजे निव्वळ फोल्डर. त्याला जागा नाही, अक्ष नाहीत. ड्रॉइंगची पानं एकत्र ठेवायला, किंवा संदर्भाची स्केचं नजरेआड करायला वापरा. ग्रुपमध्ये चार फळ्या टाकून 'आता हे एकत्र हलवू' म्हणालात तर हलवायला काही नसतं.

बॉडी आणि पार्ट ही विभागणी फ्रीकॅडमध्ये २०१८ च्या ०.१७ आवृत्तीपासून आहे. त्याआधीची ट्यूटोरियल पाहत असाल तर तिथे हे दिसणार नाही आणि गोंधळ वाढेल.

पटाशी (प्रतिसाद २)

मध्येच विचारतो. एका बॉडीत दोन सुटे ठोकळे करता येत नाहीत का? मी केले तेव्हा एरर आली होती.

ओळंबा (प्रतिसाद ३)

@पटाशी, जुन्या आवृत्त्यांत नाहीच करता येत. १.० पासून बॉडीला 'अलाउ कंपाउंड' नावाचा गुणधर्म आहे, तो चालू असेल तर चालतं. पॉकेटने तुकड्याचे मधल्या पायरीत दोन भाग होतात आणि पुढच्या पॅडने ते पुन्हा जोडले जातात, अशा ठिकाणी तो उपयोगी पडतो. दोन वेगळ्या फळ्या एका बॉडीत ठेवायला वापरू नका. पुढे कटाईची यादी करताना दोन्ही एकच म्हणून मोजल्या जातील.

गुण्या (प्रतिसाद ४)

डबे कळले तरी रुंदी बदलल्यावर मॉडेल मोडायचं ते मोडणारच. रंधा यांचं खरं दुखणं दुसऱ्या प्रश्नात आहे.

अंदाजाने सांगतो, मग बरोबर की चूक ते सांगा. तळफळीतली छिद्रं काढताना तुम्ही चाकाच्या पट्टीवरची छिद्रं दिसताहेत म्हणून त्यांच्याच कडा निवडल्या. 'निवडलेला भाग चालू बॉडीबाहेरचा आहे' असं सांगणारी खिडकी आली. तीन पर्याय होते: स्वतंत्र प्रत, अवलंबून असलेली प्रत आणि क्रॉस-रेफरन्स. तुम्ही कधी हा निवडला, कधी तो. म्हणून आठ छिद्रं सरकली आणि आठ राहिली. स्वतंत्र प्रतीला मूळ तुकडा बदलल्याचं कधी कळतच नाही.

स्कोपचा इशारा का येतो तेही पाहू. समजा चाक एका पार्टमध्ये आहे आणि फळी दुसऱ्या पार्टमध्ये. दोन्हींचे अक्ष वेगळे, जागा वेगळ्या. फळीतल्या स्केचने चाकाच्या कडेकडे थेट बोट दाखवलं तर ते माप कोणाच्या अक्षात वाचायचं? चाकाचा पार्ट उद्या हलवला तर छिद्र हलावं की नाही? प्रोग्रामला याचं नक्की उत्तर देता येत नाही म्हणून तो ओरडतो. मॉडेल त्या क्षणी बरोबर दिसत असतं, त्यामुळे बहुतेक जण तिकडे दुर्लक्ष करतात. तुम्ही तो इशारा इथे लिहिलात हे चांगलं केलंत.

अधिकृत मार्ग आहे सब-शेप बाइंडर. तो दुसऱ्या पार्टमधला फेस किंवा स्केच, जागेच्या हिशेबासकट, तुमच्या बॉडीत आणून ठेवतो आणि मूळ बदललं की बदलतो. साधा शेप बाइंडरही आहे, पण पार्टच्या सीमा ओलांडायच्या असतील तर सब-शेप बाइंडरच घ्या.

तरीही मी म्हणेन, बाइंडरसुद्धा तुकड्याकडून तुकड्याकडे नेऊ नका. मी स्वतः हे केलंय. फळीने चाकाकडे पाहायचं, चाकाच्या जागेने कोपऱ्याच्या पट्टीकडे पाहायचं, पट्टीने बाजूच्या फळीकडे. सगळं जुळलेलं दिसतं. मग मधला एक तुकडा काढून टाकायची वेळ येते आणि पुढची अख्खी रांग लाल होते. एका आठवड्याचं काम मी तसं घालवलंय.

त्याऐवजी कपाटाच्या पार्टमध्ये सगळ्यात वर एक मुख्य स्केच ठेवा. त्यात फक्त बाह्यरेषा, खणांच्या सीमा, चाकांचे मध्यबिंदू आणि बोल्टच्या जागा. जाडी नाही, कडा नाहीत, सजावट नाही. तळफळी छिद्रांसाठी त्या स्केचकडे पाहील. चाकाची जागाही त्याच स्केचवरून ठरेल. फळी आणि चाक एकमेकांना ओळखणारही नाहीत, तरी छिद्राखाली छिद्र येईल. चाक काढून दुसरं बसवलं तरी फळीला धक्का नाही.

'ग्राफ मस्ट बी अ डॅग' चं उत्तरही यातच आहे. फ्रीकॅड सगळ्या अवलंबनांचं एक जाळं ठेवतं, आणि त्यातले बाण फिरून मूळ जागी येता कामा नयेत. तुमच्या मागच्या फळीने रुंदी वरच्या फळीकडून घेतली असणार, आणि वरच्या फळीतली खाच मागच्या फळीकडून. झालं वर्तुळ. टूल्स मेनूत डिपेंडन्सी ग्राफ आहे. त्यासाठी ग्राफविझ वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, पण एकदा तुमच्या जुन्या फाइलचा तो आलेख नक्की पाहा. बाण कुठून कुठे जाताहेत ते दिसलं की मी वर काय म्हणतोय ते लगेच पटेल.

रंधा (प्रतिसाद ५)

गुण्या, तुमचा अंदाज तंतोतंत खरा आहे. ती खिडकी मी प्रत्येक वेळी न वाचता बंद केली होती. मागच्या फळीचंही तसंच निघालं, खाच तिच्याच कडेवरून घेतली होती. आलेख काढून पाहिला. चाकापासून निघालेला एक बाण सहा वस्तूंमधून फिरून खणाच्या दर्शनी भागाला जाऊन मिळतोय, ज्याचा चाकाशी काही संबंध नाही.

लेथ (प्रतिसाद ६)

मी कामावर सॉलिडवर्क्स हा याच कामाचा दुसरा प्रोग्राम वापरतो, घरी फ्रीकॅड. तिथे पार्ट आणि असेंब्ली मुळातच वेगळ्या फाइलींत असतात, त्यामुळे 'तुकडा कुठे संपतो आणि जोडणी कुठे सुरू होते' हा प्रश्न पहिल्या दिवशीच सुटतो. बाहेरचा संदर्भ घेतलेल्या वस्तूपुढे ट्रीमध्ये बाणाची खूण येते, तीही फार उपयोगी. फ्यूजन या तिसऱ्या प्रोग्राममध्ये तर अनुभवी लोक पहिला धडा हाच देतात की आधी कंपोनंट तयार करा, मग त्यात काढायला लागा. कारण बॉडीला स्वतःचा ओरिजिन नसतो, कंपोनंटला असतो. शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळे. फ्रीकॅडचा पार्ट त्या कंपोनंटच्या जवळ जातो, आणि फ्रीकॅडच्या बॉडीला सॉलिडवर्क्सवाला पार्ट म्हणेल. दोन्हींची ट्यूटोरियल आलटून-पालटून पाहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

माझा सल्ला, प्रत्येक तुकडा वेगळ्या फाइलीत ठेवा. फ्रीकॅडची लिंक, म्हणजे मूळ वस्तू दुसऱ्या जागी दाखवणारा दुवा, दुसऱ्या फाइलीतली वस्तूही आणू शकते.

ओळंबा (प्रतिसाद ७)

लेथ, इथे मी असहमत आहे. तुमच्याकडे कामाच्या ठिकाणी फाइलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था असेल. एकट्या माणसाने एका कपाटासाठी पंधरा फाइली केल्या तर फाइल मॅनेजरमध्ये एखादीचं नाव बदललं जातं आणि लिंक तुटते. शिवाय मुख्य स्केच एका फाइलीत आणि फळ्या दुसऱ्यात असतील तर प्रत्येक बाइंडर फाइलींच्या सीमा ओलांडणार.

मी सीमा अशी आखतो: जे मी स्वतः घडवतो आणि जे एकमेकांच्या मापांवर ठरतं, ते एका फाइलीत. जे विकत येतं आणि ज्याचं माप माझ्या हातात नाही, ते वेगळ्या फाइलीत. चाक, खणाची सरकपट्टी, बोल्ट, नट, वॉशर यांच्या फाइली एकदाच होतात आणि पुढच्या दहा मॉडेलांत वापरता येतात. सगळं एकाच फोल्डरखाली ठेवा आणि हलवायचं झालं तर अख्खा फोल्डर हलवा. फ्रीकॅड सापेक्ष मार्ग साठवतं, त्यामुळे तेवढ्याने काही तुटत नाही.

लेथ (प्रतिसाद ८)

विकत घेतलेलं वेगळं आणि घडवलेलं एकत्र, ही सीमा मलाही मान्य आहे. माझी सवय मोठ्या चमूची आहे, तिथे एक फाइल दोघांनी एकाच वेळी उघडली की पंचाईत होते. एकट्याला तो प्रश्न नाही.

एक भर घालतो. चाकाचं स्टेप मॉडेल (कुठल्याही कॅड प्रोग्राममध्ये उघडणारी फाइल) उत्पादकाकडून उतरवून घेतलंत तर त्यात बेअरिंगच्या गोळ्यांपासून सगळं असतं, ट्रीमध्ये वीस-पंचवीस वस्तू येऊन पडतात. ते तसंच कपाटाच्या फाइलीत आणू नका. वेगळ्या फाइलीत उघडा, नको ते काढा, उरलेल्याची पार्ट मेनूतून एक साधी प्रत करा आणि तेवढीच ठेवा. तुम्हाला चाकाचं लागतं काय? एकूण उंची, पट्टीचा आकार, चार छिद्रं आणि चाक फिरताना व्यापणारी जागा. बाकीचं वजन फाइलीने कशाला वाहायचं.

रंधा (प्रतिसाद ९)

हे सगळं वहीत उतरवून घेतोय. मुख्य स्केच समजलं. पण १८ मिमी जाडी, खणांमधली फट, छिद्राचा व्यास ही मापं त्या स्केचमध्ये नसतील तर कुठे ठेवू? स्प्रेडशीट वापरून पाहिली होती, पण एक आकडा बदलला की बराच वेळ सगळं गोठतं.

सूत्र (प्रतिसाद १०)

स्प्रेडशीटवर प्रेम असलेला माणूस म्हणून उत्तर देतो.

गोठण्याचं कारण खरं आहे. स्प्रेडशीटमध्ये काहीही बदललं की तिच्यावर अवलंबून असलेल्या वस्तूंची पुन्हा आकडेमोड सुरू होते, बदललेल्या खान्याचा मॉडेलशी संबंध नसला तरी. टीप लिहिली, तरी तेच. ३७ बॉडी आणि त्यातल्या निम्म्या एकाच तक्त्याला बांधलेल्या, मग वेळ लागणारच. १.० मध्ये व्हेरिएबल सेट आला आहे, व्हारसेट. त्यात मापं वस्तूच्या गुणधर्मांसारखी राहतात आणि थोड्या मापांसाठी तो हलका, सुटसुटीत पडतो. तुमच्याकडे आठ-दहा मापं आहेत, तुम्ही व्हारसेटच घ्या. स्प्रेडशीट तेव्हा घ्या, जेव्हा खरोखर तक्ता हवा असेल, म्हणजे एम५, एम६, एम८ च्या ओळी आणि प्रत्येकाची वेगवेगळी मापं.

जे काही घ्याल त्यात किती मापं ठेवायची हे जास्त महत्त्वाचं. लोक सगळीच मापं तिथे नेऊन ठेवतात. माझा निकष असा की जे माप दोन किंवा अधिक तुकड्यांना लागतं तेच वर जाईल. एकाच फळीतल्या एका गोलाईची त्रिज्या त्या फळीतच राहू द्या.

आणि निष्पन्न होणारी मापं हाताने लिहू नका. तुमचंच उदाहरण घेतो, नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत:

बाह्यरुंदी = ५३६
फळीजाडी = १८
पट्टीजागा = १२.७
आतरुंदी = बाह्यरुंदी − २ × फळीजाडी, म्हणजे ५००
खणरुंदी = आतरुंदी − २ × पट्टीजागा, म्हणजे ४७४.६

बाजूला बसणाऱ्या बॉल-बेअरिंगच्या सरकपट्ट्यांना सहसा दर बाजूला १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच जागा लागते. हा आकडा सरकपट्टीचा आहे, तुमच्या आवडीचा नाही. म्हणून त्याला वेगळं नाव द्या. उद्या दुसऱ्या जातीची पट्टी आली तर एकच आकडा बदलेल. आता बाह्यरुंदी ५७६ केलीत की आतरुंदी ५४० आणि खणरुंदी ५१४.६ आपोआप होईल, तिन्ही खणांना.

एम८ बोल्टच्या छिद्राचंही तसंच. आयएसओ २७३ या बोल्टछिद्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मध्यम बसणीचं छिद्र ९ मिमी असतं, घट्ट बसणीचं ८.४, सैल बसणीचं १०. 'बोल्टछिद्र = ९' एकदाच लिहा. मी एका मॉडेलात काही ठिकाणी ८.५ आणि काही ठिकाणी ९ असं हाताने लिहिलं होतं. पट्टी आणि फळी जुळवताना कळलं, पण तोवर फळी कापून झाली होती.

आणि नावं. फ्रीकॅडमध्ये प्रत्येक वस्तूला आतलं नाव असतं, बॉडी०१२ सारखं, ते कायम राहतं. दिसतं ते लेबल, आणि लेबल कधीही बदलता येतं. सूत्रांमध्ये लेबल वापरलं असेल तर तिथेही ते बदलून घेतलं जातं, त्यामुळे घाबरू नका. वस्तू तयार झाल्या झाल्या एफ२ दाबून नाव द्या. नंतर देऊ म्हटलं की कुणी देत नाही.

पटाशी (प्रतिसाद ११)

सारखे तुकडे कॉपी करायचे की क्लोन की लिंक? तिन्ही दिसायला सारखेच दिसतात.

ओळंबा (प्रतिसाद १२)

हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून जरा मोठं लिहितो.

कॉपी-पेस्ट म्हणजे नवा तुकडा. त्या क्षणानंतर दोघांचा संबंध संपला. रंधा यांचा एक खण वाढला आणि दोन तसेच राहिले ते यामुळेच. क्लोन मूळ आकाराशी जोडलेला असतो, पण आकार स्वतःजवळ वेगळा बाळगतो. लिंक स्वतःजवळ आकार ठेवतच नाही. ती म्हणते, 'तो तिथला तुकडा, या जागी पुन्हा दाखव.' तिच्याकडे स्वतःची प्लेसमेंट असते, हवा तर वेगळा रंगही देता येतो, बाकी सगळं मूळ वस्तूचं. ०.१९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, लिंक मुख्य फ्रीकॅडमध्ये आहे.

ही कल्पना संगणकावरच्या आरेखनाइतकीच जुनी आहे. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्राम प्रबंधासाठी केला. टीएक्स-२ संगणकावर, लाइट पेनने पडद्यावर रेषा काढायच्या. त्यात मूळ आकृती एकदा काढायची आणि तिच्या हव्या तितक्या प्रतिमा मांडायच्या अशी सोय होती. मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रतिमा बदलत. रेषा समांतर ठेवा, लांबी सारखी ठेवा अशी बंधनंही त्यातच होती. आज आपण स्केचला बंधनं घालतो आणि तुकड्यांच्या लिंक करतो, ती दोन्ही कामं त्या एका प्रोग्रामात साठ वर्षांपूर्वी झालेली होती. मला हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला होता.

आता तुमच्या कपाटात. खणाचा पार्ट एकदाच बनवा. बाकीचे दोन त्याच्या लिंक. बोल्टची एक लिंक घ्या आणि तिचा 'एलिमेंट काउंट' १६ करा, म्हणजे एका लिंकखाली सोळा प्रतिमा येतात आणि प्रत्येकीला वेगळी जागा देता येते. नट आणि वॉशर तसेच. ४८ वस्तू ट्रीमध्ये तीन ओळींत बसतात.

लिंक बॉडीची करायची की पार्टची, असा प्रश्न येईल. अनेक तुकड्यांची गोष्ट असेल तर पार्टची. लिंकला पार्ट दिला की आतलं सगळं येतं.

रंधा (प्रतिसाद १३)

खण बनवताना एक शंका आली. खणाची डावी आणि उजवी बाजू आरशातल्यासारख्या आहेत. एकाची लिंक करून दुसरी होईल का? आणि कपाटाच्या दोन बाजूच्या फळ्यांचं काय?

गुण्या (प्रतिसाद १४)

छान प्रश्न. याचं उत्तर प्रोग्राममध्ये शोधू नका, लाकडाचा तुकडा हातात धरून शोधा.

खणाच्या बाजूला आतल्या अंगाला, तळाजवळ खाच असेल, ज्यात तळाची पातळ फळी बसते. हा तुकडा उभ्या अक्षाभोवती अर्धा फिरवा. खाच दुसऱ्या बाजूला तोंड करते, तळ तळाशीच राहतो, फक्त पुढचं टोक मागे जातं. पुढचं आणि मागचं टोक सारखंच असेल तर हाच तुकडा उजवीकडे बसतो. म्हणजे एकच तुकडा, दोन लिंक, आणि दुसरीची प्लेसमेंट १८० अंशांनी फिरवलेली.

कपाटाच्या बाजूच्या फळीत सरकपट्टीची छिद्रं असतात, आणि ती पुढच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावर असतात. ती फळी तशीच फिरवली तर छिद्रं मागच्या कडेजवळ जातील. म्हणून डावी आणि उजवी फळी हे दोन वेगळे तुकडे आहेत. कापताना वेगळे, यादीत वेगळे, नावही वेगळं. पार्ट वर्कबेंचमधल्या (वर्कबेंच म्हणजे एका कामाच्या अवजारांचा संच) मिररने एकीवरून दुसरी काढा, म्हणजे एकीतला बदल दुसरीत जाईल, पण ती लिंक आहे असं समजू नका.

खणाच्या बाजूलाही सरकपट्टीची छिद्रं पाडायची असतील तर पुन्हा विचार करावा लागेल. त्या क्षणी पुढचं-मागचं सारखं राहत नाही आणि दोन्ही बाजू वेगळ्या होतात. छिद्रं जोडणी करतानाच जागेवर पाडणार असाल तर मॉडेलात घेऊ नका आणि एकच तुकडा ठेवा. मी दुसरं करेन.

पटाशी (प्रतिसाद १५)

+१. माझ्या मॉडेलात डावं-उजवं वेगळं केलंय तिथे खरं तर एकच पुरला असता.

रंधा (प्रतिसाद १६)

दहा-बारा दिवसांनी परत आलोय. नवीन फाइल केली. काय झालं ते सांगतो.

आता माझ्या घडवलेल्या बॉडी नऊच आहेत. सांगाड्याच्या पाच, खणाच्या चार. खणाच्या बाजूचा तुकडा एकच ठेवला, छिद्रं जागेवर पाडेन. चाक, सरकपट्टी, बोल्ट, नट, वॉशर वेगळ्या फाइलींत. वर व्हारसेट, त्याखाली मुख्य स्केच, त्याखाली सांगाडा आणि खण. मुख्य स्केचच्या रेषा प्रत्येक बॉडीत सब-शेप बाइंडरने आणल्या.

मग भीत भीत बाह्यरुंदी ५७६ केली. सगळं सरकलं. सोळाही छिद्रं बोल्टखाली. मग ४५० केली, तरी सगळं जागेवर. रिपोर्ट व्ह्यू कोरा. अर्धा तास नुसता आकडे बदलून पाहत होतो.

एक गोष्ट मात्र अडली. खालचा खण उंच हवा आहे. तो लिंक आहे, मग फक्त त्याची उंची कशी बदलू?

सूत्र (प्रतिसाद १७)

रुंदी वाढवली, कमी केली, दोन्ही करून पाहिलंत ते उत्तम. बरीच मॉडेलं वाढताना टिकतात आणि कमी होताना मोडतात.

उंच खणाचे दोन मार्ग. लिंकला 'कॉपी ऑन चेंज' नावाचा गुणधर्म आहे. खणाची उंची त्यासाठी खुणावून ठेवलेली असेल तर लिंकमध्ये ती बदलता येते. फ्रीकॅड मागे मूळ वस्तूची लपवलेली प्रत तयार करतं आणि बदल त्या प्रतीत होतो. एकाच वस्तूचे सात-आठ प्रकार हवे असतील तेव्हा हे फार कामाचं आहे.

तुमच्याकडे फक्त एक खण वेगळा आहे. मी तरी 'खण_उंच' नावाचा दुसरा पार्ट करेन. तळफळी दोन्हींत सारखी, तिची लिंक. दर्शनी भाग, मागचा भाग आणि बाजू नव्या, व्हारसेटमधल्या 'उंचखणउंची' या मापावर. ट्रीमध्ये पाहताच कळतं की दोन जातींचे खण आहेत, आणि कटाईच्या यादीतही ते तसेच दिसतात.

गुण्या (प्रतिसाद १८)

सूत्र यांच्याशी सहमत. आणि खणांच्या सीमा मुख्य स्केचमध्ये सारख्या भागांत वाटल्या असतील तर ते 'समान' बंधन आधी काढा, नाहीतर उंच खण मधल्या खणात घुसेल.

रंधा (प्रतिसाद १९)

ते बंधन होतंच, काढलं. उंच खण बसला. आता सरकवून पाहायचंय. तुकडे सांध्यांनी जोडायचं असेंब्ली वर्कबेंच आत्ताच सुरू करू का?

ओळंबा (प्रतिसाद २०)

करा, आता वेळ आली आहे. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीपासून ते मूळ फ्रीकॅडमध्येच आहे. त्यातला 'इन्सर्ट कंपोनंट' लिंकच करतो, त्यामुळे तुमचे पार्ट जसे आहेत तसे चालतील. सांगाडा जमिनीला बांधा, खणांना स्लायडर सांधा द्या. सांध्याला किमान आणि कमाल अंतर देता येतं, सरकपट्टीची लांबी तिथे घाला म्हणजे खण मागच्या फळीतून बाहेर जाणार नाही.

एक काळजी घ्या. सांधे जोडताना तुकड्यांचे फेस आणि कडा निवडाव्या लागतात. पूर्वी तुकड्यात एक छिद्र वाढवलं की 'फेस६' चा 'फेस७' व्हायचा आणि निवड चुकीच्या जागी जायची. १.० मध्ये त्यावर मोठं काम झालंय आणि बराच त्रास कमी झालाय, पण मी अजूनही शक्य तिथे पार्टच्या अक्षांना किंवा स्वतः ठेवलेल्या स्थानिक अक्षांना सांधे जोडतो. ते छिद्रांनी बदलत नाहीत.

यादी हवी असेल तर तिथेच बिल ऑफ मटेरियल्सचं (कुठला तुकडा किती, याच्या यादीचं) बटन आहे. तुम्ही लेबलं नीट दिली आहेत, त्यामुळे ती यादी थेट कापायला घेता येईल.

रंधा (प्रतिसाद २१)

यादी काढली. बोल्ट १६, नट १६, वॉशर १६, चाक ४. खण दोन आणि खण_उंच एक. बाजूची फळी डावी एक, उजवी एक. सगळं जुळतंय. उद्या पहिली फळी कापतो.